ताटीआडचा राग आणि भारुडातले हसू

मंडळी, बांधाचे भांडण आपल्याला काही नवे नाही. एकाने नांगर जरा कलता धरला, बांध बोटभर कोरला गेला, आणि दोन सख्ख्या चुलतभावांचे बोलणे तुटले. मग एकाच्या लग्नात दुसरा गेला नाही, दुसऱ्याच्या मयताला पहिला लांबच उभा राहिला. पुढे दोघेही म्हातारे झाले. बांध कुठे होता हे आता दोघांनाही धड आठवत नाही, पण राग मात्र कालच्यासारखा ताजा आहे. अशा वेळी कोणी शहाणा माणूस येऊन सांगतो, "अरे, क्षमा करावी. क्षमेसारखा गुण नाही." दोघेही मान हलवतात आणि आपापल्या घरी जातात. उपदेश पटतो, पण राग जात नाही.

का जात नाही? कारण उपदेश उंचावरून येतो, आणि राग बसलेला असतो खाली, पोटात. तिथवर उपदेशाचा हात पोचत नाही. मग तिथे काय पोचते? आज मला तुम्हांला सांगायचे आहे ते हेच, की आपल्या महाराष्ट्रात सातशे वर्षांपासून एक वस्तू तिथपर्यंत पोचत आली आहे. ती म्हणजे हसू. आपल्या संतांनी क्षमेवर कविता केल्या, आणि त्यांतल्या कित्येक कविता चक्क हसवणाऱ्या आहेत. हा प्रकार कुठून सुरू झाला ते पाहायचे तर इंद्रायणीच्या काठी, आळंदीला गेले पाहिजे.

आळंदी पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यात. आज तिच्या एका बाजूला पिंपरी-चिंचवड आणि दुसऱ्या बाजूला चाकणचे कारखाने आहेत. पाळी सुटली की रस्त्यावर मोटारींची रीघ लागते. पण आपण तेराव्या शतकातली आळंदी डोळ्यांपुढे आणू. गावाबाहेर सिद्धबेटावर एक झोपडी आहे. तीत चार पोरकी भावंडे राहतात : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि धाकटी मुक्ता. त्यांच्या वडिलांनी, विठ्ठलपंतांनी, संन्यास घेतला होता आणि गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले. एवढ्यासाठी गावाने या घराला वाळीत टाकले. प्रायश्चित्त म्हणून आईबापांनी देह ठेवला, तरी मुलांवरचा बहिष्कार उठला नाही. चूक, चूक म्हणायची असलीच तर, वडिलांची. शिक्षा भोगायची मुलांनी. असा तो न्याय होता.

परंपरा सांगते, एके दिवशी ज्ञानदेव गावात माधुकरी मागायला गेले असता कोणीतरी त्यांना फार लागेल असे बोलले. ते परत आले, झोपडीत शिरले आणि त्यांनी ताटी लावून घेतली. ताटी म्हणजे कामट्यांचे साधे दार. आत ज्ञानदेव, बाहेर बाकीची भावंडे. ज्ञानी माणूसही रागावतो, रुसतो, हे आपल्या परंपरेने लपवून ठेवलेले नाही. मला तर याचे मोठे कौतुक वाटते. आता त्यांची समजूत काढायची कोणी? थोरल्या निवृत्तीनाथांनी नाही, तर धाकट्या बहिणीने काढली. मुक्ताबाईचा जन्म परंपरेने १२७९ चा मानतात. म्हणजे ती तेव्हा अगदी लहान मुलगी असणार. दाराबाहेर उभे राहून तिने जे अभंग म्हटले ते आपण 'ताटीचे अभंग' म्हणून ओळखतो.

या अभंगांत उपदेश आहे, हे खरे. जग जरी आगीसारखे भडकले तरी संताने पाणी व्हावे, असे ती सांगते. पण पुढे ती जो दाखला देते तो ऐकून माणसाला हसू येते. ती विचारते, आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली, तर कोणी रागाने स्वतःची बत्तीशी पाडून घेतो काय? बघा, किती घरगुती दाखला! जेवताना जीभ चावली गेली नाही असा माणूस नाही. त्या क्षणी डोळ्यांत पाणी येते, राग येतो. पण रागवायचे कोणावर? दातही आपले, जीभही आपलीच. लोकांवर रुसून बसलेल्या थोर भावाला धाकटी बहीण म्हणते आहे, हे गाव आणि तू एकाच तोंडातले आहात.

या विनोदात दोन गोष्टी आहेत, त्या नीट पाहिल्या पाहिजेत. पहिली, मुक्ताबाई जखम नाकारत नाही. जीभ चावली गेली आहे, दुखते आहे, हे तिला मान्य आहे. "काही झालेच नाही" असे ती म्हणत नाही. दुसरी, ती गावाला हसत नाही आणि भावालाही हसत नाही. ती दोघांना एकाच दाखल्यात बसवते, आणि हसू येते ते आपल्या सर्वांच्याच माणूसपणाचे. क्षमेचा विनोद तो हाच. ताटी उघडली, ज्ञानदेव बाहेर आले. परंपरा तर सांगते की पुढचे सारे कार्य त्या उघडलेल्या दारातूनच बाहेर पडले. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली. तिच्या शेवटच्या पसायदानात ज्ञानदेवांनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनातला वाकडेपणा तेवढा जावा, असे मागणे मागितले. वाळीत टाकलेल्या मुलाचे हे मागणे आहे, हे लक्षात ठेवून ते म्हटले पाहिजे.

आता एक खुलासा करतो. शिक्षकबंधूंनी हा फरक मुलांना अवश्य सांगावा. ज्ञानेश्वरीचा काळ, १२९६ ची आळंदीची समाधी, या गोष्टी इतिहासाच्या. नामदेवांनी तर समाधीच्या प्रसंगावर अभंगच लिहिले आहेत. पण संतांच्या ज्या गोड गोष्टी आपण कीर्तनात ऐकतो त्यांतल्या पुष्कळशा महिपतींनी लिहून ठेवल्या. महिपती ताहराबादचे. त्यांचा 'भक्तविजय' १७६२ चा, म्हणजे समाधीनंतर पावणेपाचशे वर्षांच्या सुमाराचा. तेव्हा या गोष्टी घडल्या तशाच्या तशा लिहिल्या गेल्या असे म्हणता येणार नाही. पण एक गोष्ट मात्र इतिहासाची आहे : आपल्या लोकांनी कोणत्या गोष्टी जपल्या आणि कोणत्या गोष्टींना ते हसले. शेकडो वर्षे एखादा समाज जी गोष्ट हसत हसत पुन्हा पुन्हा सांगतो, तीत त्या समाजाचे मन दिसते.

विसोबाचीच गोष्ट घ्या. हा आळंदीतला एक गृहस्थ या भावंडांचा मोठा द्वेष करी. एकदा मुक्ताबाईला मांडे करायची हौस आली. ती कुंभाराकडे परळ आणायला गेली, तर विसोबाने तेही तिला मिळू दिले नाही. मुलगी रडत घरी आली. ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि म्हणाले, यावर भाज. विसोबा आडून पाहत होता. तो चमत्कार पाहून त्याचा ताठा उतरला आणि तो त्यांचे उष्टे खायला धावला. तेव्हा त्याला 'खेचर' म्हणून हटकले गेले आणि तेच त्याचे नाव पडले, असे सांगतात. आता खेचर म्हणजे योग्यांच्या भाषेत आकाशात संचार करणारा. आणि आपल्या बोलीत खेचर म्हणजे घोड्या-गाढवाच्या मधले ते हट्टी जनावर! एकाच शब्दात चापट आणि आशीर्वाद. शिक्षा काय झाली? तर थट्टेचे नाव मिळाले, आणि माणूस आपल्यांत घेतला गेला.

या गोष्टीचे पुढचे टोक तर याहून मोठे आहे. एकदा संतमंडळी जमली असता गोरा कुंभाराने आपले थापटणे घेतले आणि मडकी कच्ची की पक्की हे पाहावे तसे एकेकाच्या डोक्यावर हाणून पाहिले. बाकीचे गप्प बसले. नामदेव मात्र रागावले. तेव्हा हे मडके कच्चे ठरले, आणि मुक्ताबाईला हसू आवरेना. नामदेवांना ते फार लागले. पण याच हसण्याने ते गुरू शोधायला निघाले, आणि औंढा नागनाथाला त्यांना गुरू भेटला तो कोण? तर हाच विसोबा खेचर. आळंदीत त्याला क्षमा मिळाली नसती तर नामदेवांना गुरू कुठून मिळता? क्षमा केलेला माणूस पुढे कोणाच्या उपयोगी पडेल हे क्षमा करणाऱ्याला त्या दिवशी दिसत नसते. लोकांनी ही गोष्ट जपली ती याचसाठी, असे मला वाटते.

मुक्ताबाईची थट्टा चांगदेवांनाही चुकली नाही. चौदाशे वर्षे जगलेला हा योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला. वडील म्हणून आशीर्वाद लिहावा की गुरू म्हणून नमस्कार, हेच त्याला ठरेना. अखेर त्याने कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली की इतकी वर्षे जगून हे अजून कोरेच राहिले. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, त्याच 'चांगदेव पासष्टी'. अहंकारी माणसाचा कोरा कागद फाडून न टाकता त्यावर पासष्ट ओव्यांचे उत्तर द्यायचे, ही आळंदीची रीत.

पुढे तीनशे वर्षे लोटली. आळंदीला पैठणहून एकनाथ महाराज आले. ज्ञानदेवांच्या समाधीपाशी अजानवृक्षाची मुळी रुतत होती, ती काढावी असा त्यांना दृष्टांत झाला, अशी कथा आहे. इतिहासाची गोष्ट अशी की १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहून तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. पण आळंदीच्या पोथीइतकेच आळंदीचे हसूही नाथांनी उचलले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. त्यांनी भारुडे लिहिली.

भारूड म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. तरी शहरातल्या मुलांसाठी सांगतो. भारुडात गाणारा स्वतः कोणीतरी दुसरा होतो. कधी तो जोशी होतो, कधी भुत्या, कधी वाघ्या, कधी सासूला कंटाळलेली सून. सोंगी भारुडात तर तो लुगडे नेसतो, कवड्यांची माळ घालतो, अंगात आल्यासारखा घुमतो. लोक हसून हसून लोटपोट होतात. आणि मग हळूच कळते, की हा दुसऱ्या कोणाविषयी बोलत नव्हता, आपल्याविषयीच बोलत होता. नाथांची अशी तीनशेच्या आसपास भारुडे आहेत.

त्यांतले विंचवाचे भारूड सर्वांच्या माहितीचे. गाणारा पाय धरून ओरडत येतो, की विंचू चावला, आग होते आहे, घाम सुटला आहे. पोरे हसतात, बायका पदर तोंडाला लावतात. मग उलगडा होतो. हा विंचू म्हणजे काम आणि क्रोध. त्याच्या विषाला मांत्रिकाचा उतारा चालत नाही, सत्त्वगुणाचा अंगारा लावावा लागतो. आता यातली खुबी पाहा. "तुम्ही रागीट आहात" असे नाथ म्हणत नाहीत. "मला चावला" असे म्हणतात. सारा मार स्वतःच्या अंगावर घेतात. ऐकणारा निर्धास्तपणे हसतो, आणि हसता हसता त्याचा हात आपल्याच पायाकडे जातो, की अरे, मलाही चावलाच आहे की! रागाचे विष माझ्यातही आहे हे ज्याला कळले त्याला दुसऱ्याचा राग समजायला वेळ लागत नाही. तिथूनच क्षमा सुरू होते.

नाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' याहून धीट आहे. त्यात एक हिंदू आणि एक मुसलमान समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या धर्माची यथेच्छ टिंगल करतात. कोणी कोणाला सोडत नाही. प्रत्येकाला दुसऱ्याचे व्यंग तेवढे दिसते. पण असे बोलता बोलता दोघांचेही पोट रिकामे होते, देव एकच हे दोघांना उमगते, आणि शेवट होतो तो भेटीने, आलिंगनाने. सोळाव्या शतकात दख्खनेत मुसलमानी राज्य असताना एका ब्राह्मण कवीने हे लिहिले. भांडण झाकून ठेवून गळाभेट करवली असती तर ती खोटी ठरली असती. नाथांनी भांडण आधी पुरते बोलू दिले आणि मग भेट घडवली.

नाथांच्या घरचीच एक गोष्ट महाराष्ट्रात घरोघर सांगतात. एका गरजू ब्राह्मणाला कोणी टवाळांनी दोनशे रुपयांची लालूच दाखवली. पैज काय, तर एकनाथाला राग आणून दाखवायचा. ब्राह्मण नाथांच्या घरी गेला. नाथ पूजेला बसले होते, हा बेधडक जाऊन त्यांच्या मांडीवर बसला. नाथ हसले आणि म्हणाले की अशी प्रेमाची भेट मला आजवर कोणी दिली नव्हती. पुढे पाने वाढली गेली. गिरिजाबाई वाढायला वाकल्या तसा हा त्यांच्या पाठीवर चढून बसला. नाथ म्हणाले, सांभाळा, पाहुणे पडतील हो! आणि गिरिजाबाईंनी उत्तर दिले की हरीला पाठीवर घेऊन कामे करायची मला सवयच आहे, मी यांना पडू देणार नाही. हरी हा त्यांचा मुलगा. ब्राह्मण खजील झाला आणि त्याने पैजेची हकीकत सांगितली. त्यावर नाथ काय म्हणाले म्हणता? म्हणाले, आधी सांगितले असते तर मी रागावलो असतो, तुमचे दोनशे रुपये बुडाले नसते!

या गोष्टीत क्षमा हा शब्द एकदाही येत नाही, हे ध्यानात घ्या. आणि नाथांइतकाच, किंबहुना नाथांहून जास्त मान गिरिजाबाईंचा आहे. त्या एका उत्तराने त्यांनी अपमान करणाऱ्याला आपले मूल करून टाकले. आपल्या लेकरावर कोण रागावतो?

नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर मोठी टीका लिहिली आणि ती १५७३ साली काशीत पुरी केली. त्यात अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंची कथा येते. त्यांत पहिला गुरू पृथ्वी, आणि तिच्यापासून शिकायचा गुण सहनशीलता, क्षमा. संस्कृतात तर क्षमा हे पृथ्वीचेच एक नाव आहे. कुणब्याला हे वेगळे सांगायला नको. जिला आपण नांगराने फाडतो तीच आपल्याला कणीस देते.

नाथांनंतर तुकोबा. देहू आणि आळंदी या एकाच इंद्रायणीच्या काठच्या. तुकोबांवर वाघोलीचे रामेश्वरभट्ट उठले, आणि त्यांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. पुढे रामेश्वरभट्टांच्या सर्वांगाचा दाह होऊ लागला. एका फकिराच्या शापाने तो झाला असे सांगतात. ते आळंदीला ज्ञानदेवांच्या समाधीपाशी येऊन पडले. तेव्हा तुकोबांनी त्यांच्यासाठी एक अभंग लिहून पाठवला आणि दाह शमला, अशी कथा आहे. ज्यांच्यामुळे कविता बुडाली त्यांच्या दुखण्यावर औषध पाठवायचे तेही कवितेचेच! पुढे रामेश्वरभट्ट तुकोबांचे शिष्य झाले आणि त्यांनी तुकोबांचे गुण गायिले. आळंदी ही पुन्हा एकदा रागाच्या उताराची जागा ठरली.

आणि तुकोबांच्या उसाची गोष्ट तर लहान मुलालाही ठाऊक आहे. कोणी दिलेली उसाची मोळी वाटेत पोरांना वाटत वाटत तुकोबा घरी आले ते एकच ऊस घेऊन. घरात खायला नाही. जिजाई संतापली आणि तोच ऊस तिने त्यांच्या पाठीत घातला. उसाचे तुकडे झाले. तुकोबा हसून म्हणाले, बरे झाले, वाटणी करायचे माझे कष्ट वाचले. कीर्तनात इथे हमखास हशा पिकतो. पण मला नेहमी वाटते, की या गोष्टीत जिजाईलाही थोडी क्षमा मिळाली पाहिजे. पोरे उपाशी असताना दारातला ऊस गावाला वाटून आलेला नवरा पाहून कोणती बाई हसेल? तुकोबांचे हसू खरे असेल तर त्यात आपली चूक कबूल केल्याचेही हसू असले पाहिजे.

इथे मंडळी, मला थोडे थांबून दुसरी बाजू मांडायची आहे. समर्थांनी दासबोधात विनोदाची आवड टवाळांच्या पदरात टाकली आहे. ते उगाच नाही. हसणे हे नेहमीच निर्मळ नसते. बलवान माणूस दुबळ्याला मारतो आणि वर म्हणतो, "अरे, थट्टा केली, एवढे मनाला काय लावून घेतोस? सोडून दे." हीही क्षमेचीच मागणी झाली, पण ती खोटी. अन्याय करणाऱ्याने हसावे आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने क्षमा करावी, अशी वाटणी होऊ लागली की समजावे, इथे काहीतरी लबाडी चालली आहे.

चोखोबांचे उदाहरण घ्या. ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातलाच हा संत. पंढरीच्या विठ्ठलावर अभंग रचले, पण महार म्हणून देवळात पाऊल टाकता आले नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम चालू असताना ती कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. त्यांची समाधी आहे ती पंढरपुरास महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर. चोखोबांच्या अभंगांत देवाशी भांडण आहे, गाऱ्हाणे आहे. त्या गाऱ्हाण्यावर विनोदाचे पाणी शिंपडण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिथे आधी दार उघडावे लागते.

ते दार उघडायला सहाशे वर्षे लागली. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १ मे रोजी उपोषण सुरू केले आणि मंदिर खुले होणार असे ठरल्यावर ते १० मे रोजी सोडले. मला आळंदीची ताटी आणि पंढरीचे दार या दोन गोष्टी नेहमी शेजारी शेजारी दिसतात. आळंदीला ज्याच्यावर अन्याय झाला होता त्याने दार लावून घेतले होते, आणि ते उघड म्हणून त्याच्याच बहिणीने त्याला विनवले. पंढरीला ज्यांनी अन्याय केला त्यांनी दार लावून धरले होते. तिथे विनवणी करायची ती त्यांना. मुक्ताबाईने दातांचा दाखला दिला तो आपल्या माणसाला, स्वतः त्याच दुःखात उभी राहून. तोच दाखला बहिष्कार घालणाऱ्यांपैकी कोणी ज्ञानदेवांना दिला असता, तर ते निव्वळ निर्लज्जपण झाले असते. शब्द तेच, ते म्हणणारा कुठे उभा आहे, यावर सारे अवलंबून.

आता शिक्षकबंधूंसाठी दोन शब्द. वर्गात मुलांची भांडणे रोजची. "सॉरी म्हण" असे आपण म्हणतो, मूल "सॉरी" म्हणते, आणि मधल्या सुटीत पुन्हा मारामारी होते. त्यापेक्षा भांडणाऱ्या दोघांना सांगावे, की या भांडणावर चार ओळी लिहा, हसू येईल अशा. अट एकच : हसायचे ते आधी स्वतःला. दुसऱ्याचे नाव ओळीत आले तर पाटी पुसून पुन्हा लिहायचे. नाथांचीच ही युक्ती, "मला चावला" म्हणण्याची. नमुना म्हणून बांधाच्या भांडणावर मीच काही ओळी जुळवल्या आहेत. त्यांत काव्य शोधू नका.

बांध कोरला बोटभर,
भांडण वाढले कोसभर;
अबोला धरला वर्षभर,
आंबे पिकले झाडभर.
वारा सुटला, आंबे पडले
निम्मे त्याच्या, रानी माझ्या;
झाडाला जी अक्कल होती
नव्हती बापा टाळक्यात माझ्या.

यात चूक कोणाची ते सांगितले आहे : बांध मीच कोरला. ती चूक झाकलेली नाही. पण ती सांगताना मी उंचावरही चढलो नाही आणि गयावयाही केली नाही. शेजाऱ्याने हे ऐकले तर तो काय करेल? बहुधा हसेल. आणि हसलेल्या माणसाला पुन्हा कपाळाला आठ्या घालायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात चहा होतो. मात्र चहा झाल्यावर बांध पहिल्या जागी घालून द्यायचा, बरे का! नुसती कविता करून बोटभर जमीन दाबून ठेवली तर ती क्षमेची कविता नव्हे, चोरीची पावती.

आळंदीत आजही हे शिक्षण चालू आहे. १९१७ साली जोग महाराजांनी इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिकलेले कीर्तनकार गावोगाव जातात. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते, आणि वाटेवर मुक्कामाला भारुडे रंगतात. सप्ताहाचा शेवट तर काल्याच्या कीर्तनाने होतो. कृष्णाच्या खोड्या, गोपाळांची थट्टा, आणि मग सर्वांनी एकाच्या हातचे दुसऱ्याने खायचे. वारीत लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतात तेही यातलेच. दोघेही वाकले की उंच कोण राहतो?

चाकणच्या कारखान्यात पाळी करून आलेला कामगार आणि वंशपरंपरा इथे राहणारा शेतकरी आज एकाच घाटावर बसतात. दोघांचीही कोणाशी ना कोणाशी भांडणे आहेतच. कोणाची जमिनीची, कोणाची कामाची, कोणाची घरातली. राग लपवून ठेवायचा नाही आणि कुरवाळायचाही नाही. कधी ताटी लावून बसावेसे वाटले तर बसावे, ज्ञानदेवही बसले होते. पण बाहेर कोणी आपले माणूस उभे राहून हसवत असेल तर त्याचे ऐकावे. आणि आपणच कोणाला बाहेर ठेवून दार लावले असेल, तर विनोद करत न बसता आधी उठून कडी काढावी.

आपली जुनी माणसे हिशेबाच्या आणि पत्राच्या शेवटी चार अक्षरे लिहीत : चू. भू. द्या. घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. किती शहाणे वाक्य आहे पाहा. नुसती 'घ्यावी' नाही, 'द्यावी' देखील आहे. चूक तुमचीही असेल, माझीही असेल. हिशेब दोन्हीकडून तपासू. मुक्ताबाईपासून गिरिजाबाईंपर्यंत सर्वांचे सांगणे या चार अक्षरांत मावते. तेव्हा मंडळी, आजच्या या बोलण्यातही काही कमीजास्त झाले असेल तर हसून सोडून द्या, आणि खरोखरच चुकले असेल तर जरूर कळवा.

चू. भू. द्या. घ्या.